१८४४६७४४०७३७०९५५१६१५ : या संख्येच्या पोटात काय आहे?

शून्यवेध (धागाकर्ता)

बुद्धिबळाच्या पटाची आणि गव्हाच्या दाण्यांची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत ऐकलेली असते. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत पोहोचले की सर्व दाण्यांची बेरीज होते १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. दोनाचा चौसष्टावा घात घेऊन त्यातून एक वजा केल्यास हीच संख्या मिळते. या धाग्यापुरती घातासाठी २^६४ अशी खूण वापरू या, म्हणजे आपली संख्या झाली २^६४ − १.

गोष्ट सांगणारे बहुधा इथेच थांबतात. राजाचे कोठार रिकामे झाले, संख्या प्रचंड आहे, संपले. माझे मत असे आहे की या संख्येचा आकार हा तिचा सर्वांत कमी महत्त्वाचा गुण आहे. वीस अंकी संख्या हव्या तितक्या लिहिता येतात. परंतु हिची अंतर्गत रचना विरळ आहे आणि ती शाळेतल्या बीजगणिताच्या आवाक्यात आहे.

मी नववीच्या वर्गाला गणित शिकवतो. केवळ कागद आणि पेन्सिल वापरून, संगणकाला हात न लावता, या संख्येचे सर्व मूळ अवयव मुलांसमोर पाडून दाखवता येतील का? आणि ते खरोखर मूळ आहेत हेही सिद्ध करता येईल का? शिवाय या संख्येचे इतर कोणते गुणधर्म आपल्याला ठाऊक आहेत, तेही लिहावे.

कृष्णाकाठ

आधी ही संख्या वाचायची कशी, ते सांगतो. भास्कराचार्यांच्या लीलावतीत एक, दश, शत, सहस्र अशी दसपटीने वाढणारी अठरा नावे आहेत आणि त्यांतले शेवटचे परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. आपली संख्या १८४ परार्धांहून थोडी अधिक भरते, म्हणजे ती या यादीच्याही पुढे जाते.

पटावरचा हत्ती

धागाकर्त्यांच्या मताशी मी आदरपूर्वक असहमत आहे. आकार हा गौण गुण नाही, कारण याच संख्येने शेकडो वर्षे माणसांना दुपटीच्या वाढीचा अर्थ समजावून दिला. गव्हाच्या एका दाण्याचे वजन ४० मिलिग्रॅम धरले, तर पटाच्या पहिल्या अर्ध्या भागातल्या ३२ घरांत मिळून ४२९४९६७२९५ दाणे, म्हणजे सुमारे १७२ टन गहू बसतो. एखादे राज्य तो सहज देईल. पूर्ण पटावर मात्र सुमारे ७३,८०० कोटी टन गहू लागतो. आज जगात वर्षाला साधारण ८० कोटी टन गहू पिकतो, त्या हिशेबाने हे नऊशेहून अधिक वर्षांचे पीक झाले. पहिल्या अर्ध्या भागात १७२ टन आणि उरलेल्या अर्ध्यात हे सगळे, ही तफावत प्रत्यक्ष बेरीज केल्याशिवाय पटत नाही.

तेराव्या शतकातला चरित्रकार इब्न खल्लिकान ही गोष्ट सिस्सा नावाच्या भारतीय पंडिताच्या नावे सांगतो. त्याच्याही आधी, इसवी सन १००० च्या सुमारास, अल्-बिरूनीने ही बेरीज वर्ग करत जाण्याच्या पद्धतीने काढली होती.

मेधा_कुलकर्णी_नव्हे

हत्तीदादा, यात आणखी एका गोष्टीची भर घालते. फ्रेंच गणिती एदुआर ल्युका याने १८८३ मध्ये हनोईचा मनोरा हे कोडे प्रसिद्ध केले आणि त्यासोबत एक कल्पित कथा जोडली. कथेतला मनोरा आपल्या काशीतल्या मंदिरात आहे. हिऱ्याच्या तीन सुया आणि त्यांवर सोन्याच्या ६४ चकत्या आहेत. सर्व चकत्या नियमाप्रमाणे दुसऱ्या सुईवर हलवायला किमान २^६४ − १ खेळ्या लागतात, म्हणजे तीच संख्या. सेकंदाला एक खेळी या वेगाने सुमारे ५८,५०० कोटी वर्षे होतात. विश्वाचे आजचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते.

हे योगायोगाने जुळलेले नाही. न चकत्या हलवायच्या तर आधी वरच्या (न − १) चकत्या बाजूला, मग तळाची एक, मग पुन्हा त्या (न − १). म्हणजे प्रत्येक नव्या चकतीसाठी खेळ्यांची दुप्पट आणि वर एक. १, ३, ७, १५, ३१ हीच मालिका पटावरही आहे, कारण प्रत्येक घरातले दाणे हे आधीच्या सर्व घरांतल्या एकूण दाण्यांपेक्षा नेमके एकाने जास्त असतात.

अवयव_पाडणारा

मूळ प्रश्नाकडे येतो. नववीच्या मुलांना अ² − ब² = (अ + ब)(अ − ब) हे सूत्र माहीत असते. आपली संख्या २^६४ − १ म्हणजे (२^३२)² − १². म्हणून:

२^६४ − १ = (२^३२ + १)(२^३२ − १)

उजवीकडचा दुसरा कंस पुन्हा वर्गांचा फरक आहे. त्याला फोडत गेले की (२^१६ + १), (२^८ + १), (२^४ + १), (२^२ + १), (२ + १) आणि शेवटी (२ − १) उरतो, जो १ आहे. अर्थात:

२^६४ − १ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

सहा ओळींत वीस अंकी संख्या सहा तुकड्यांत विभागली गेली. ६४ ही संख्या सहा वेळा निम्मी करता येते, एवढ्यामुळेच हे घडले. ६३ किंवा ६५ घरांचा पट असता तर इतके सुरेख विघटन मिळाले नसते.

सांजवात

३, ५, १७ मूळ आहेत हे उघड आहे, आणि २५७ ला १३ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहणे सोपे आहे. पण ६५५३७ मूळ आहे हे कसे ठरवायचे? त्याचे वर्गमूळ २५६ च्या किंचित पुढे जाते, म्हणजे २५६ पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागावे लागेल. तासाभरात वर्गाचा कंटाळा शिगेला पोहोचेल. आणि शेवटची दहा अंकी संख्या तर त्याहून अवघड दिसते.

ऑयलरपंथी

सांजवातताई, इतके भागाकार लागत नाहीत, आणि का लागत नाहीत तेच या विषयाचे मर्म आहे.

समजा प ही मूळ संख्या ६५५३७ ला, म्हणजे २^१६ + १ ला, भागते. तर प ने भागल्यावर २^१६ ची बाकी −१ (म्हणजेच प − १) येईल आणि २^३२ ची बाकी १ येईल. म्हणजे २ चे घात घेत गेल्यावर बाकी १ प्रथमच येते ती ३२ व्या घाताला. त्याच्या आधी नाही, कारण तसे असते तर तो घातांक ३२ चा अवयव असता, म्हणून १६ चाही असता, आणि मग १६ व्या घातालाही बाकी १ आली असती. आता फ्रेंच गणिती फर्मा याचे छोटे प्रमेय सांगते की (प − १) व्या घाताला बाकी १ असतेच. म्हणून ३२ ने (प − १) ला निःशेष भाग जातो. थोडक्यात, प चे रूप ३२क + १ असेच असले पाहिजे (क ही कोणतीही पूर्ण संख्या).

२५६ च्या आत या रूपाच्या संख्या ३३, ६५, ९७, १२९, १६१, १९३, २२५ एवढ्याच आहेत आणि त्यांत मूळ फक्त ९७ आणि १९३. ६५५३७ ला ९७ ने भागल्यास बाकी ६२ आणि १९३ ने भागल्यास बाकी ११० येते. दोन भागाकारांत ६५५३७ मूळ असल्याचे सिद्ध झाले.

हेच तर्कशास्त्र ४२९४९६७२९७ ला लावले की अवयवाचे रूप ६४क + १ असे येते. या रूपाच्या मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पहिल्या चारांनी भाग जात नाही. पाचवीने जातो:

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७

फर्माने १६४० मध्ये पत्रांतून असा विश्वास व्यक्त केला होता की ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि त्याच रीतीने पुढच्या सर्व संख्या मूळ असाव्यात. १७२९ मध्ये गोल्डबाखने तरुण ऑयलरला पत्र लिहून हा प्रश्न विचारला आणि १७३२ मध्ये ऑयलरने ६४१ दाखवून तो विश्वास मोडला. म्हणजे बुद्धिबळाच्या पटाच्या संख्येत फर्माच्या पहिल्या सहा संख्या एकत्र बसलेल्या आहेत: पाच, ज्यांच्याबाबत त्याचे खरे ठरले, आणि सहावी, जिच्यापाशी ते चुकले. मला ही संख्या प्रिय आहे ती या कारणाने.

द्विपद

६४१ साठी भागाकारसुद्धा नको. ६४१ = ५^४ + २^४ आणि ६४१ = ५ × २^७ + १, हे दोन्ही तपासून पाहा. दुसऱ्यावरून, ६४१ ने भागल्यास ५ × २^७ ची बाकी −१. त्याचा चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी १. पहिल्यावरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवा. मिळते −२^३२ ची बाकी १, म्हणजेच २^३२ + १ ला ६४१ ने निःशेष भाग जातो. चार ओळी, एकही मोठा गुणाकार नाही.

सांजवात

हे अतिशय सुंदर आहे. वहीत उतरवून घेतले.

ऑयलरपंथी

द्विपद, सिद्धता सुंदर आहे यात शंका नाही, पण मुलांना आधी ती दाखवू नये असे मला वाटते. उत्तर हाती आल्यानंतर रचलेली ती युक्ती आहे. ६४१ हा आकडा सुचला कुठून, या प्रश्नाला ती उत्तर देत नाही. मुलगा किंवा मुलगी स्वतः शोधायला बसली तर तिला ६४क + १ हेच साधन उपयोगी पडेल.

द्विपद

मतभेद मान्य आहे, तरी माझा अनुभव वेगळा आहे. अनेक मुलांना शोधाची वाट नंतर आवडते. आधी एखादी आश्चर्यकारक गोष्ट डोळ्यांसमोर घडावी लागते. दोन्ही दाखवाव्यात, क्रम शिक्षकाने ठरवावा.

आता ६७००४१७ चे मूळ असणे शिल्लक आहे, ते मी करतो. त्याचे वर्गमूळ २५८८ च्या आसपास आहे. ६४क + १ या रूपाचे बरेच उमेदवार तपासावे लागले असते, पण ल्युकाने (हनोईच्या मनोऱ्याचा तोच ल्युका) १८७८ मध्ये दाखवले की अवयव १२८क + १ या रूपाचेच असतात. आपल्या संख्येपुरते कारण असे: २^२४ − २^८ या संख्येचा वर्ग करून ४२९४९६७२९७ ने भागले तर बाकी २ येते, म्हणजे बाक्यांच्या या जगात दोनाला वर्गमूळ आहे. दोनाचे घात ६४ व्या पायरीला १ वर येतात, तर त्याच्या वर्गमूळाचे १२८ व्या पायरीला येतात. म्हणून १२८ ने (प − १) ला भाग जातो.

२५८८ पर्यंत या रूपाच्या मूळ संख्या पाचच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. यांतली २५७ बाद, कारण फर्माच्या कोणत्याही दोन संख्या परस्पर सहमूळ असतात. उरलेल्या चारांनी ६७००४१७ ला भागल्यास बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२ येतात. एकही शून्य नाही, म्हणून ६७००४१७ मूळ आहे.

पूर्ण उत्तर:

१८४४६७४४०७३७०९५५१६१५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७

सात मूळ अवयव, एकही दोनदा आलेला नाही. म्हणून एकूण विभाजक २^७ = १२८.

निळा_पक्षी

मी ही संख्या संगणकावरच्या स्प्रेडशीटमध्ये काढून पाहिली तर १८४४६७४४०७३७०९६००००० असे उत्तर आले. शेवटी शून्ये असतील तर दहाने भाग जायला हवा, आणि वर तर दोन हा अवयवच नाही. यातले बरोबर कोणते?

यंत्रमानव_पुणे

वर दिलेले अवयव बरोबर आहेत. स्प्रेडशीट संख्या पंधरा सार्थ अंकांपर्यंत जवळच्या किमतीला आणते आणि पुढच्या जागी शून्ये भरते, त्यामुळे इथे पंधरावा अंक ५ चा ६ झाला आणि शेवटचे पाच अंक खरे नाहीत. दोनाच्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे फिरतात आणि ६४ ला चारने भाग जातो, म्हणून २^६४ च्या शेवटी ६ आणि आपल्या संख्येच्या शेवटी ५ असणारच. अंकांची बेरीज ८७ आहे. तिला ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. ३ हा अवयव एकदाच का, याची ही दुसरी तपासणी.

आम्हा संगणकवाल्यांना ही संख्या रोज भेटते. ६४ बिटांच्या (प्रत्येक बिट म्हणजे ० किंवा १) जागेत अधिक-उणे चिन्ह न ठेवता साठवता येणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या हीच. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिल्यास, ती म्हणजे सलग चौसष्ट १. तिच्यात एक मिळवला की सर्व बिटे शून्य होतात. चिन्हासाठी एक बिट राखून ठेवले तर मर्यादा ९२२३३७२०३६८५४७७५८०७ होते. डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबवर एका कोरियन गाण्याच्या प्रेक्षकसंख्येने २१४७४८३६४७ ही ३२ बिटांची मर्यादा ओलांडली, तेव्हा तिथली गणना ६४ बिटांवर नेली गेली होती.

ही चिन्ह असलेली मर्यादा, २^६३ − १, अवयवांच्या दृष्टीने पूर्ण निराळी आहे: ७² × ७३ × १२७ × ३३७ × ९२७३७ × ६४९६५७. तिच्यात ७ चा वर्ग आहे. घातांक फक्त एकाने बदलला आणि सगळे कुटुंबच बदलले.

छंदोमयी

वर अवयव_पाडणारा यांनी ६४ सहा वेळा निम्मे केले, तेव्हापासून मला पिंगलाच्या छंदःशास्त्राची आठवण होते आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या ग्रंथात न अक्षरांच्या वृत्ताचे लघु-गुरूंचे किती प्रकार होतात, म्हणजेच २^न किती, हे काढण्याची रीत सूत्ररूपाने दिली आहे. संख्या सम असेल तर निम्मी करा आणि तशी खूण करा. विषम असेल तर एक वजा करा आणि शून्याची खूण करा. मग खुणा उलट्या क्रमाने वाचा: शून्य आले की दुप्पट, निम्म्याची खूण आली की वर्ग.

६४ साठी निम्म्याच्या सहा खुणा आणि एक शून्य येते. उलट वाचताना १ ची दुप्पट २, आणि मग सहा वर्ग: ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६, आणि शेवटी २^६४. आता या साखळीतल्या २ पासून ४२९४९६७२९६ पर्यंतच्या प्रत्येक संख्येत एक मिळवा: ३, ५, १७, २५७, ६५५३७, ४२९४९६७२९७. पिंगलाच्या रीतीने संख्या मोजण्याच्या ज्या पायऱ्या, त्याच तिचे अवयव पाडण्याच्या पायऱ्या. मला स्वतःला या धाग्यातली सर्वांत आनंदाची गोष्ट ही वाटली.

लीलावतीत भूमिती श्रेढीची बेरीज काढायला हीच रीत आहे. तिथले उदाहरणही दुपटीचेच: एका दात्याने पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट देत गेला, तर महिन्याभरात त्याने किती निष्क (त्या काळचे नाणे) दिले? उत्तर २१४७४८३६४६ कवड्या, म्हणजे १०४८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या.

यंत्रमानव_पुणे

छंदोमयी, ही कवड्यांची संख्या मी वर लिहिलेल्या ३२ बिटांच्या मर्यादेपेक्षा नेमकी एकाने कमी आहे!

कंपासपेटी

भूमितीच्या बाजूने एक गोष्ट राहिली आहे. गाउसने १७९६ मध्ये दाखवले की १७ बाजूंचा सुसम बहुभुज केवळ पट्टी आणि कंपासने काढता येतो. विषम बाजूंचा सुसम बहुभुज असा काढता येण्यासाठी बाजूंची संख्या फर्माच्या निरनिराळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असावी लागते. ही अट पुरेशी आहे हे गाउसने आणि आवश्यक आहे हे वांत्झेलने १८३७ मध्ये सिद्ध केले. फर्माच्या मूळ संख्या आजवर पाचच सापडल्या आहेत, म्हणून असा ज्ञात सर्वांत मोठा विषम बहुभुज ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ = ४२९४९६७२९५ बाजूंचा आहे. पटाच्या पहिल्या अर्ध्या भागातले दाणे! पूर्ण पटाएवढ्या बाजूंचा मात्र काढता येत नाही, कारण ६४१ आडवा येतो.

पटावरचा हत्ती

चारशे कोटींहून अधिक बाजूंचा बहुभुज आणि वर्तुळ यांत डोळ्याला काही फरक दिसणार नाही. मग काढता येतो की नाही, याला अर्थ काय उरतो?

कंपासपेटी

हत्तीदादा, प्रश्न चित्राचा नसून शक्यतेचा आहे. ७ बाजूंचा सुसम बहुभुज अचूकपणे काढता येत नाही आणि ४२९४९६७२९५ बाजूंचा येतो. लहान आणि मोठे यांच्या आपल्या सवयीच्या क्रमाला इथे काही किंमत राहत नाही. हेर्मेस नावाच्या गणितज्ञाने ६५५३७ बाजूंच्या बहुभुजाच्या रचनेवर दहा वर्षे काम केले आणि ते हस्तलिखित ग्योटिंगेनमध्ये जपून ठेवलेले आहे.

छंदोमयी यांच्यासाठी आणखी एक. पिंगलाच्या सूत्रांवर हलायुधाने दहाव्या शतकात जो मेरुप्रस्तार समजावला, ज्याला आपण पास्कलचा त्रिकोण म्हणतो, त्याच्या प्रत्येक ओळीत विषम संख्येच्या जागी १ आणि सम संख्येच्या जागी ० लिहा. ओळी येतात १, ११, १०१, ११११, १०००१, ११००११, १०१०१०१, ११११११११. द्विमान पद्धतीने वाचल्यास १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५. शेंड्यावरची १ ची ओळ सोडली, तर पुढच्या ३१ ओळी म्हणजे काढता येणारे सर्व ३१ ज्ञात विषम बहुभुज, त्याच क्रमाने. त्यानंतरची ओळ ४२९४९६७२९७, जिथे हा नियम तुटतो. आणि शेंडा धरून मोजलेली चौसष्टावी ओळ म्हणजे चौसष्ट १, अर्थात आपली संख्या.

छंदोमयी

पट चौसष्ट घरांचा आणि मेरूची ओळही चौसष्टावी! हे मला अजिबात ठाऊक नव्हते.

देवळालीकर

आमच्या गावचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्या संख्यांचा इथे संबंध आहे. ज्या संख्येच्या वर्गाचे दोन भाग करून बेरीज केल्यास मूळची संख्या परत येते तिला कापरेकर संख्या म्हणतात; उदाहरणार्थ ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५. दशमान पद्धतीत ९९ चा वर्ग ९८०१ आणि ९८ + ०१ = ९९. द्विमान पद्धतीत ९९ ची जागा सलग १ असलेल्या संख्या घेतात: १११ म्हणजे ७, वर्ग ११०००१, आणि ११० + ००१ = १११. २^६४ − १ चा वर्ग (२^६४ − २) × २^६४ + १ असतो, म्हणून त्याचे दोन भाग २^६४ − २ आणि १, बेरीज पुन्हा २^६४ − १. द्विमान पद्धतीत आपली संख्या ही कापरेकर संख्या आहे.

पत्ते_पिसणारा

बावन्न पत्त्यांचा जोड बरोबर निम्मा करून एकाआड एक असा अचूक पिसला, आणि वरचा पत्ता वरच ठेवला, तर आठ वेळा पिसल्यावर जोड मूळ क्रमाने येतो. कारण प्रत्येक पिसण्यात पत्त्याचे स्थान ५१ च्या हिशेबात दुप्पट होते, ५१ = ३ × १७, आणि २^८ = २५६ ला ५१ ने भागल्यास बाकी १. वरच्या १२८ विभाजकांपैकी कोणताही घ्या, त्याहून एक पत्ता जास्त असलेला जोड अचूक पिसल्यास ६४ पिसण्यांनंतर मूळ क्रमाने असतोच. ६४२ पत्त्यांना पूर्ण ६४ पिसण्या लागतात, त्याहून कमी चालत नाहीत, आणि याचे श्रेय त्याच ६४१ ला आहे.

शून्यवेध (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझ्या दोन्ही प्रश्नांना उत्तर मिळाले. हत्तीदादांचे म्हणणेही मी काही अंशी मान्य करतो: मुले आकाराच्या ओढीनेच या संख्येजवळ येतील, त्यामुळे तासाची सुरुवात गव्हापासूनच करीन. ऑयलरपंथी आणि द्विपद यांच्या वादात मी शोधाची वाट आधी घेणार आहे, कारण ६५५३७ चे दोन भागाकार मुले स्वतः करू शकतील आणि मग ६४१ पर्यंत त्यांच्याच पायांनी पोहोचतील.

एक शेवटची शंका. आपल्या संख्येत २ मिळवले की १८४४६७४४०७३७०९५५१६१७, म्हणजे २^६४ + १, ही फर्माची पुढची संख्या येते. तिचे काय झाले? ऑयलरची रीत तिलाही लागू पडायला हवी.

ऑयलरपंथी

लागू पडते, पण फार काळ पुरत नाही. तिचे अवयव २५६क + १ या रूपाचे असतात आणि त्यांतला लहान अवयव २७४१७७ म्हणजे २५६ × १०७१ + १. मागच्या संख्येत ६४१ = १२८ × ५ + १ होता, म्हणजे क = ५ लाच काम झाले; इथे क १०७१ पर्यंत जावे लागते आणि प्रत्येक उमेदवार मूळ आहे का हे पाहून वीस अंकी संख्येला भागावे लागते. फॉर्च्युने लाँद्री याने १८८० मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, हे अवयव प्रसिद्ध केले. क्लाउसेनला ते १८५५ मध्येच मिळाले होते, असे त्याने गाउसला लिहिलेल्या पत्रावरून नंतर कळले.

२^६४ + १ = २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१

आपली संख्या आणि ही, दोहोंचा गुणाकार केला की २^१२८ − १ मिळते. पट १२८ घरांचा असता तर त्याचे नऊ मूळ अवयव आत्ताच आपल्या हाती आहेत. २५६ घरांच्या पटासाठी २^१२८ + १ चे अवयव हवेत, आणि ते १९७० मध्ये संगणकाच्या साहाय्याने मिळाले.